मानेखालचा मामा

माझा मामा आयुष्यभर राजांची चित्रं काढत होता, पण त्याला राजाचं नाक काढायला सांगितलं असतं तर त्याची बोबडीच वळली असती. तो मानेखालचा. चित्रशाळेत कामाची वाटणीच तशी होती. तोंड काढायचं ते मुख्य चित्रकारांनी. मानेपासून खाली जे काही असेल ते, म्हणजे झगे, पट्टे, पदकं, तलवारी, हात, बूट, पायाशी बसलेला कुत्रा, मागचा खांब आणि पडदा, हे सगळं मामानं. मुख्य चित्रकारांना आम्ही पाठीमागे तोंडवाले म्हणायचो. तोंडवाले थोडे दिवस यायचे, पुन्हापुन्हा मान तिरकी करून बघायचे आणि शेवटी कोपऱ्यात झोकदार सही ठोकून जायचे. मामा चार-चार महिने मान मोडून काम करायचा आणि त्याचं नाव कुठंही नसायचं. मला याचा भयंकर राग यायचा. मामाला यायचा नाही.

"अगं, मोठ्या माणसांच्या तोंडाकडे बघायची ज्यांना सवय आहे त्यांनी तोंड काढावं," तो म्हणायचा. "मी आपला खाली बघून जगणारा माणूस."

मी त्याची भाची. आई लवकर गेली, तेव्हापासून मामा-मामीकडेच वाढले, आणि पुढं चित्रशाळेतच कामाला चिकटले. लाकडी चौकटीवर कापड ताणून ठोकायचं, रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटायची, कुंचले धुवायचे, आणि मामाच्या वतीनं भांडायचं, ही माझी कामं. शेवटचं कुणी सांगितलं नव्हतं. चित्रशाळा एका जुन्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर होती. उत्तरेला भिंतभर खिडकी, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. खाली बेकरी होती, त्यामुळे आमच्या सगळ्या राजांना पहिले काही महिने पावाचा वास यायचा.

राजाचं चित्र म्हणजे माणसाचं चित्र नव्हे, ते यादीचं चित्र. काय कुठं असायला हवं ते दरबारच्या एका जाडजूड वहीत लिहिलेलं असायचं. मागे दगडी खांब हवा, म्हणजे राज्य भक्कम. लाल पडदा एका बाजूला सारलेला हवा, म्हणजे राजा प्रजेपासून काही लपवत नाही. डाव्या हातात सोन्याचा गोळा, म्हणजे पृथ्वी. उजव्या हातात राजदंड, म्हणजे न्याय. मुकुट डोक्यावर नको, शेजारच्या उशीवर हवा, म्हणजे राजाला मुकुटाचा हव्यास नाही. झग्याला पांढऱ्या मऊ कातडीची किनार आणि तिच्यावर शिवलेल्या छोट्या जनावरांच्या काळ्या शेपट्या: राजाला चौसष्ट, युवराजाला अठ्ठेचाळीस, बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे. ती वही सांभाळणारे दरबारचे अधिकारी काठी घेऊन यायचे आणि चित्रातली एकेक शेपटी मोजायचे. त्रेसष्ट भरल्या तर चित्र परत. त्यांना आम्ही शेपटीमास्तर म्हणायचो. पायाशी कुत्रा हवा, म्हणजे निष्ठा. आमचा निष्ठावंत कुत्रा बेकरीवाल्याचा होता, आणि मामाच्या खिशात पाव असेपर्यंतच त्याची निष्ठा टिकायची.

थोरल्या महाराजांचं मोठं चित्र निघालं तेव्हाची गोष्ट. महाराज एकच तास बसले, तोही फक्त तोंडापुरता, आणि हातमोजे न काढताच उठून गेले. झगा आमच्याकडे लाकडी बाहुल्यावर चढवला होता. पण त्या बाहुल्याच्या उजव्या हाताची बोटं कधीकाळी कुणी तरी तोडून ठेवली होती, आणि राजदंड धरायला तर बोटं लागतात. मामी राजवाड्याच्या धुलाईघरात इस्त्रीला होती. दुपारी काम आटपून ती मामाला घरी न्यायला यायची.

"जरा बसतेस का?" मामा म्हणाला. "नुसता हात हवाय."

"नुसता हातच हवा होता, तर लग्न कशाला केलंत सबंध बाईशी?" मामी म्हणाली, पण बसली.

तिच्या खांद्यावर तो झगा घातला तेव्हा ती खुर्चीत अर्धी खचली. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय! खरा राजदंड राजवाड्याबाहेर निघत नसे, म्हणून मी घरच्या लाटण्याला सोनेरी कागद गुंडाळून दिला. "घरी हेच उगारलं तर कुणी भीत नाही," मामी म्हणाली, "आणि इथं म्हणे न्याय!" बारा दिवस रोज दुपारी ती तशी बसली. राजाच्या झग्यात, पायात धुलाईघरातल्या ओल्या चपला, आणि गप्पा अखंड चालू. मामा हसायचा आणि हसता हसता काढायचा. तो इतका बोलका मी एरवी कधी पाहिला नाही.

आता झालं असं की मामीनं लाटणं धरलं ते इस्त्री धरल्यासारखं. कोळशाच्या इस्त्रीची मूठ धरताना चार बोटं घट्ट आवळायची आणि अंगठा वर उचलून ठेवायचा, नाही तर झाकणाच्या फटीतून येणारी धग नेमकी अंगठ्याला लागते. बावीस वर्षं इस्त्री केलेल्या बाईला आपला अंगठा वर आहे हे कळतसुद्धा नाही. मामाला समोर जे दिसलं ते त्यानं काढलं. मलाही काही वावगं वाटलं नाही; मामीचा हात मी जन्मात वेगळा पाहिलाच नव्हता. चित्र पूर्ण झालं, शेपटीमास्तर आले, चौसष्ट शेपट्या भरल्या, आणि मग त्यांची काठी राजदंडापाशी थांबली.

"हा अंगठा वर का?"

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. मी हातातल्या कुंचल्याकडे बघत बसले. तोंडवाल्यांनी तो हात तोवर नीट पाहिलासुद्धा नव्हता, पण आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे कबूल करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते घसा खाकरून म्हणाले, "मुद्दाम आहे तो."

शेपटीमास्तरांनी बराच वेळ विचार केला आणि वहीत नवीन ओळ लिहिली: 'उचललेला अंगठा, म्हणजे सत्ता हातात आहे, पण मुठीत आवळलेली नाही.' माझ्या मामानं सबंध दरबाराला मामा बनवलं होतं, आणि तेही स्वतःला कळू न देता.

ही गंमत इथंच संपली असती तरी पुष्कळ होती. पण चित्र मोठ्या दालनात लागलं आणि ते पाहून थोरले महाराज स्वतःच राजदंड तसा धरायला लागले. राजा बोले, दळ हाले. वर्षभरात मंत्री हातातल्या काठ्या अंगठा वर करून धरायला लागले. मग न्यायाधीश. मग शाळांचे मुख्याध्यापक. आम्ही रविवारी फिरायला निघालो की मामी रस्त्यावरच्या एकेका प्रतिष्ठित माणसाचा अंगठा मोजायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. मामी अंगठाबहाद्दर होती, पगाराच्या कागदावरसुद्धा अंगठाच उठवायची. मी मामाला म्हटलं, "तुझी सही नसली तर नसू दे, मामीचा अंगठा तर लागलाय चित्राला." ते त्याला फार आवडलं. आठवडाभर तो ते वाक्य जो भेटेल त्याला ऐकवत होता.

तीन वर्षांनी मामी तापानं गेली. अकरा दिवस, बस.

आमच्यासारख्यांची चित्रं कोण काढणार? घरात चित्रकार असून तिचं एकही चित्र नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. महिन्याभरानं मामानं एक कापड मागून घेतलं आणि आठवणीतून तिला काढायला बसला. गळ्यापर्यंत मामी हुबेहूब उतरली: उजवीकडे झुकलेला खांदा, सैल झालेलं पोलकं, गळ्याखालचा तीळ. वर मात्र एक परकी बाई आमच्याकडे बघत होती. त्यानं ते तोंड सात वेळा पुसलं. आठव्या वेळी कुंचला खाली ठेवला आणि म्हणाला, "मला मानेच्या वर जमतच नाही गं." त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं. तोंडवाल्यांकडे मागणं घालावं तर त्यांनी मामीच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणजे जगात मामीचं असं जे काही उरलं होतं, ते राजाच्या बाहीतून बाहेर आलेलं. चित्राच्या नकला पुष्कळ निघाल्या, कचेऱ्यांत आणि शाळांत लागल्या, पण त्या दुसऱ्यांनी काढलेल्या. त्यात अंगठा तेवढा वर आणि बाकी हात भलत्याच माणसाचा. खरा हात एकच. वर्षातून एकदा दालनातली चित्रं झाडायला चित्रशाळेची माणसं जायची. मामा ते काम कुणाला देत नसे. शिडी लावून मऊ कुंचल्यानं तो अर्ध्या दिवसात खांब, पडदा, कुत्रा, सगळं आटपायचा, आणि उरलेला अर्धा दिवस त्या हाताचा. मी शिडी धरून खाली उभी राहायची. वर तो हळू आवाजात बोलत असायचा: कुणाचं लग्न झालं, बेकरीवाल्याचा कुत्रा म्हातारा झाला, भाची अजून तशीच तिरसट आहे. मी ऐकलं नाही असं दाखवायची. अशी बारा वर्षं गेली.

मग थोरले महाराज वारले. राज्याभिषेकाला सहा आठवडे उरले होते, आणि एवढ्यात नवं मोठं चित्र होणं शक्य नव्हतं. तेव्हा जुनंच चित्र दालनातून उतरवून आमच्याकडे आलं. शेपटीमास्तर आता बरेच वाकले होते, पण काठी तीच. त्यांनी हुकूम वाचून दाखवला: झगा तोच, खांब तोच, शेपट्या त्याच. तोंड नवं काढायचं. आणि उजवा हात खरवडून नवा काढायचा, कारण नवे महाराज पंचविशीतले आहेत, या हातावर वय दिसतं. शिवाय नव्या राजाच्या बोटात राज्याची मुद्रा असलेली अंगठी दिसलीच पाहिजे.

हात मानेखाली येतो. म्हणजे काम मामाचं.

तोंडवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी थोरल्या महाराजांचं तोंड खरवडलं आणि तिथं करडा रंग फासून ठेवला. मामानं पात्याला धार लावून घेतली, चित्रासमोर बसला, आणि संध्याकाळी पातं जसंच्या तसं पुसून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं झग्याची किनार उगाच उजळली. मी काय काय सुचवलं! म्हटलं, "आधी नक्कल करून घे ना. तुझ्याइतकी हुबेहूब कोण करील?"

"नक्कल करून काय करू? तेव्हा ती समोर बसली होती," तो म्हणाला. "यातला एकेक फटकारा तिच्याकडे बघून मारलाय. आता कुणाकडे बघू?"

"मग तेवढा तुकडा कापून घे कापडातून. मागून ठिगळ लावू, मी लावते."

त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. बायकोचा हात काप म्हणून मी माणसाला सांगत होते.

पाचव्या दिवशी नवे महाराज तोंड काढून घ्यायला आले. तीन जिने चढून धापा टाकत, सोबत फक्त शेपटीमास्तर. तरुण, सडपातळ, दोन रात्री झोपले नसावेत असा चेहरा. आत आले आणि चित्रासमोर उभे राहिले, ते हलेचनात. झग्याच्या वर जिथं त्यांचे वडील असायचे तिथं तो करडा गोळा होता.

"हे... असं करतात होय?" ते म्हणाले. हुकमावर त्यांचीच सही होती, पण सही करताना माणसाला एवढं कुठं दिसतं?

तोंडवाले काही तरी बोलले, प्रथा, परंपरा वगैरे. महाराजांचं लक्ष नव्हतं. ते त्या हाताकडे बघत होते.

"लहानपणी मी दालनात जाऊन या चित्रासमोर उभा राहायचो," ते म्हणाले. "या हाताच्या खाली. बाबांनी माझा हात कधी धरला नाही, तशी पद्धत नव्हती आमच्याकडे. पण हा हात मला ओळखीचा वाटायचा. चेहरा गेला तो गेला. बाबांचा हात तेवढा राहू द्या."

माझ्या जिवात जीव आला. झालं! सुटलो! देवानं दिलं आणि कर्मानं नेलं असं होऊ नये म्हणून मी मामाकडे डोळे वटारून पाहिलं: मूग गिळून बस, एक शब्द बोलू नकोस. शेपटीमास्तरांनीसुद्धा मान तुकवली होती. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तर मामाला जन्मभर जमलेलं.

"महाराज," मामा म्हणाला, "तो तुमच्या वडिलांचा हात नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. तोंडवाल्यांच्या हातून रंगाची पाटी निसटली. शेपटीमास्तर काठीवर रेलून मामाकडे बघत राहिले.

"माझ्या बायकोचा आहे," मामा म्हणाला. मग तो थांबलाच नाही. "राजवाड्यात इस्त्री करायची. बाहुल्याची बोटं मोडली होती, म्हणून ती बसली. इस्त्री तशीच धरतात, चटका लागू नये म्हणून अंगठा वर. त्याचा अर्थ वगैरे काही नाही. चूक माझी आहे, या माझ्या भाचीची किंवा साहेबांची नाही. ती गेली त्याला बारा वर्षं झाली. इतकी वर्षं ती भिंतीवर दुसऱ्याच्या नावानं आहे, त्याचं मला काही वाटलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं. पण आज तुम्ही माझ्यासमोर म्हणालात, हा बाबांचा हात. आता मी गप्प बसलो तर ती माझी कुणी नव्हती असं म्हटल्यासारखं होईल. ते नाही जमायचं मला."

खाली बेकरीत कुणी तरी परात आपटली. मला मामाचा इतका राग आला होता आणि तो मला इतका आवडत होता की दोन्ही मिळून माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

महाराजांनी विचारलं, "मग बाबांचा हात कसा होता?"

"मीही नाही पाहिला, महाराज. हातमोजे घालून आले होते."

महाराज खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. तिथं माझी रंग घोटायची दगडी मूठ पडली होती. ती त्यांनी चाळा म्हणून उचलली, आणि मग स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले. चार बोटं आवळलेली, अंगठा वर. त्यांनी तो खाली घेऊन पाहिला. तो आपोआप पुन्हा वर गेला.

"बारा वर्षांचा असताना शिक्षकांनी छडी मारमारून शिकवलंय हे," ते म्हणाले. "म्हणजे मी इतकी वर्षं इस्त्री धरतोय?" आणि हसू फुटलं त्यांना, अगदी पोरासारखं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग ते मामाजवळ आले. "माझा हात कुणी घडवला असेल तर तो तुमच्या बायकोनं. चित्रातल्या या हाताला कुणी हात लावायचा नाही."

"पण अंगठी, महाराज," शेपटीमास्तर हळूच म्हणाले. "मुद्रेची अंगठी नसेल तर ते राजाचं चित्रच होत नाही. वहीत..."

"अंगठी काढा," महाराज म्हणाले. "याच हातात."

दुसऱ्या दिवशी शेपटीमास्तर मखमली डबीतून ती अंगठी घेऊन आले आणि मामापुढं ठेवून गेले. जाताना दाराशी थांबले. वहीतली ती अंगठ्याची ओळ खोडायची की काय, असं मी विचारलं. "राहू दे," ते म्हणाले. "अर्थ काही वाईट नाही तो."

मामानं मामीला कधी अंगठी केली नव्हती. वाफेनं तिची बोटं कायम फुगलेली असायची. "मला कुठली बसणार आहे?" ती म्हणायची, आणि मामा ते खरं मानून विषय सोडून द्यायचा. आता तो त्या अंगठीवर नऊ दिवस बसला. झग्याच्या चौसष्ट शेपट्या त्यानं जेवढ्या वेळात काढल्या होत्या तेवढा वेळ एका अंगठीला. सोन्याची कड, मुद्रेतलं बारीक नक्षीकाम, आणि अंगठीच्या दोन्ही बाजूंना जराशी वर आलेली ती फुगीर कातडी. महाराजांची खरी अंगठी नाजूक होती, सडपातळ बोटाची. चित्रातली चांगली ऐसपैस झाली. शेपटीमास्तरांनी डबीतली अंगठी धरून पाहिली आणि म्हणाले, "ही मोठी दिसते."

"बोटाच्या मापानं आहे," मामा म्हणाला.

ते गेल्यावर मामानं अंगठीच्या कडेवर उजेडाचा शेवटचा पांढरा ठिपका ठेवला, कुंचला माझ्याकडे दिला आणि हाताच्या अगदी जवळ वाकला.

"घट्ट नाही ना होत?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो त्या हाताकडे बघत होता, आणि उत्तरासाठी थांबला होता.